काव, चुना आणि शिंपले

चित्रासमोर वा मूर्तीसमोर उभे राहिल्यावर आपल्याकडील रसिक पहिला प्रश्न विचारतो तो असा की, ह्यात काय दाखविले आहे? प्रश्न गैर नव्हे. देवळाच्या भिंतीवरील दशावतार ओळखीत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या तोंडी तो सहजच येणार. परंतु ह्या प्रश्नाच्या पाठीशी आणखी एक प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. ही वस्तू कशाची केली आहे? ज्या हातांनी ती केली त्या हातांची त्या द्रव्याशी ओळख कोणत्या वयात झाली? आमच्या मते कलाकृतीची पारख करताना हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो. गोमंतकापुरते बोलायचे तर कित्येकदा अधिकच. प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही प्रथम पेडणे व डिचोली ह्या दोन तालुक्यांच्या आधाराने मांडणार आहोत, आणि मग त्याच कसोटीवर गोव्याच्या दोन नामवंत कलावंतांची कामे घासून पाहणार आहोत.

हे दोन तालुकेच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश व सासष्टी ह्या जुन्या काबिजादींतील देवळे सोळाव्या शतकात पडली. देव नदीपलीकडे गेले, आणि देवळाच्या आश्रयाने जगणारी कारागिरीही त्यांच्या मागून गेली. पेडणे व डिचोली हे प्रांत पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत. तोवर धर्मांतराचा पहिला वणवा विझला होता. त्यामुळे ह्या भागात देऊळ, गाव आणि कारागीर ह्यांची साखळी तुटली नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर ज्या नार्व्याला येऊन राहिला ते नार्वे डिचोली तालुक्यातलेच. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या दारी काळ्या पाषाणाचे दोन हत्ती उभे आहेत. त्या हत्तींच्या पाठीवरून ज्याने लहानपणी हात फिरविला नाही असा पेडणेकर विरळा. दगड उन्हात तापतो कसा, पावसात काळवंडतो कसा, आणि शेकडो हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत होतो कसा, हे त्या मुलास कोणी शिकवीत नाही. ते त्याच्या तळहाताला आपोआप कळते.

संस्कार म्हणजे केवळ कानावर पडलेली स्तोत्रे आणि मनावर ठसलेल्या कथा, असे आपण समजत आलो. हातावर होणारे संस्कार आपण मोजीतच नाही. वस्तुतः ह्या भागातील मुलाचे वर्ष पाहिले तर ते एखाद्या कलाशाळेच्या अभ्यासक्रमासारखे आखलेले दिसेल. श्रावण सरता सरता गावोगावच्या चित्रशाळा उघडतात. मळलेल्या चिकण मातीचा ओला वास, पाटावर ओळीने मांडलेले बिनरंगाचे गणपती, आणि दाराशी घुटमळणारी पोरे, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला वेगळे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. चित्रशाळेतील मूर्तिकार त्या पोरांच्या हाती मातीचा एक गोळा ठेवतो. त्याचा उंदीर होतो, होता होता फुटतो, पुन्हा होतो. फार पाणी घातले तर माती बसते, कमी घातले तर तडकते. ज्याला हे आठव्या वर्षी कळले त्याला पुढे मातीशी जबरदस्ती करावीशी वाटत नाही.

मग चवथीची माटोळी येते. ह्या एका गोष्टीकडे आमच्या कलासमीक्षकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. देवाच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगावयाची, आणि तिला रानातून हुडकून आणलेली फळे, कणसे, पाने बांधावयाची: कवंडाळां, कांगलां, माट्टी, आंबाडे, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड. कोणते फळ कोठे शोभेल, कोणते जड, कोणते पाच दिवस टिकेल आणि कोणते दोन दिवसांत काळे पडेल, हे सारे पाहूनच मांडणी करावी लागते. रंगसंगती आणि तोल ह्यांचा हा पहिला पाठ होय. आणि तो पाठ देणारे गुरुजी म्हणजे ज्यांना रानाची वाट ठाऊक आहे असे घरातील आजोबा अथवा काका. अलीकडे माटोळीच्या स्पर्धा होतात, त्यामुळे ही प्रथा टिकण्यास साहाय्य झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्पर्धेच्या नादाने फळाबियांची चित्रे बनविण्याकडे जी ओढ वाढली आहे, ती आम्हांस तितकीशी रुचत नाही. कवंडाळ हे कवंडाळ म्हणून सुंदर असते. त्याला कोणाच्या तरी डोळ्याचे सोंग दिले की कौतुक कारागिराचे होते, फळाचे होत नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

चवथीनंतर दसरा व पेडण्याची पुनव. रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात तेव्हा काठीभोवती चढविलेल्या लुगड्यांच्या घड्या मुलांच्या डोक्यावरून डुलत जातात. वस्त्राची घडी, तिचा भार आणि वेगात तिचा होणारा घेर ह्यांतून केवढे शिल्प उभे राहते, हे त्या रात्री कळते. दिवजोत्सवात सुवासिनींच्या हाती पाच वातींची मातीची दिवजां असतात. ती कुंभाराच्या चाकावरून व बोटांखालून आलेली. डिचोलीचे कुंभारकाम आणि डिचोलीच्या पितळी समया ह्यांची ख्याती गोव्याबाहेरही गेली. समई ओतून झाली की काम संपले असे होत नाही. कानशीने घासावी, पुन्हा घासावी, ज्योतीचे तेज अंगावर खेळेल इतकी ती नितळ व्हावी, तेव्हा ती गर्भागारात जाण्यास योग्य ठरते. आरतीच्या वेळी घुमण्यासाठी घुमट लागते, तेही मूळ कुंभाराचेच भांडे. घोरपडीचे कातडे वन्यजीव कायद्याने वर्ज्य झाल्यापासून आता त्यास बकऱ्याचे कातडे चढवितात. हे योग्यच झाले. परंतु जुन्या वादकाला विचारून पाहावे, तो सांगेल की कातडे बदलले तेव्हा नाद बदलला, आणि नाद बदलला तेव्हा हातालाही नवी सवय करावी लागली. द्रव्य हे कलेच्या अंगावरचे वस्त्र नव्हे, ते तिचे अंगच होय, हे सांगण्यास ह्याहून सोपा दाखला आम्हांस आठवत नाही.

ह्या साऱ्या शाळेतील सर्वांत मोठा धडा मात्र भिंतीवर लिहिलेला होता. तो म्हणजे कावीचे काम. सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली कारवार-कुमठा-भटकळापर्यंत देवळांच्या व जुन्या घरांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबडी अशी जी चित्रे व वेलपत्त्या आढळतात, त्यांची घडण लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. समुद्रकाठचे शिंपले भाजून चुना करीत. तो चुना वाळू व गुळाच्या पाण्याबरोबर दिवसचे दिवस मुरवीत. त्याचा गुळगुळीत गिलावा भिंतीला देऊन वर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, थर चढवीत. तो थर ओला आहे तोवर पोलादी दाभणाने नको तेवढी काव खरवडून काढावयाची आणि खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा, ही ती रीत. नंतर नदीतल्या गोट्याने घोटून भिंतीस तकाकी आणीत. तेथे कुंचला नाही, रंगांचे डबे नाहीत. खालून येणारा पांढरा आणि वर उरणारा तांबडा ह्या दोनच रंगांत रामायण सांगावयाचे, शेषशायी दाखवावयाचा, कमळे फुलवावयाची.

ह्या कलेचे गुण आणि मर्यादा दोन्ही तिच्या द्रव्यातून उपजलेल्या आहेत. ओला थर वाळण्यापूर्वी काम उरकावे लागते, म्हणून कावीची रेषा निःशंक असते. तिला खोडरबर ठाऊक नाही. दोनच रंग हाती, म्हणून छायाप्रकाशाचा मोह नाही. तेथे आकृती सपाट, ठसठशीत आणि दुरून वाचता येणारी असते. गोल कमळे कर्कटकाने आखलेली, म्हणून त्यांत भूमितीची शिस्त. माणसांच्या आकृती हाताने काढलेल्या, म्हणून त्यांत गोडसा वाकडेपणा. कोणी म्हणेल, मनुष्याकृतीचे प्रमाण साधलेले नाही. ते खरेच आहे. अजिंठ्याशी तिची तुलना करू जाणारा निराशच होईल. परंतु ज्या भूमीवर ती उभी आहे तिच्याशी इतके एकरूप झालेले दुसरे भित्तिचित्र आम्ही पाहिलेले नाही. कावेचा तांबडेपणा लोहाचा. जांभ्या दगडाला, आमच्या पाऊलवाटांना, पावसाळ्यातील आमच्या ओहोळांना जो रंग आहे तोच तो. पांढरा रंग समुद्राचा, शिंपल्यांचा. डोंगर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये वसलेल्या मुलखाने आपल्या दोन्ही कुशींतून दोन रंग घेतले आणि देवाची भिंत रंगविली. त्या कारागिरांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे बालपण कसे गेले असेल, हे मात्र त्यांच्या रेषेवरून सांगता येते: बापाने चुना मुरविताना मुलाला जवळ बसविलेच असले पाहिजे, कारण चुना मुरला की नाही हे पुस्तकात वाचून समजत नाही.

आता आधुनिक कलावंतांकडे वळू. लक्ष्मण पै ह्यांचा जन्म १९२६ सालचा, मडगावचा. पेडणे-डिचोलीशी त्यांचा जन्माने संबंध नाही. तरीही आमच्या मुद्द्याला त्यांच्याइतके अनुरूप उदाहरण सापडणे कठीण. लहान वयात ते आपल्या मामांच्या छायाचित्रालयात काम करीत. कृष्णधवल छायाचित्रांवर हाताने हलके रंग भरणे, हे त्यांचे पहिले चित्रशिक्षण. पुढे मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय झाले, पाठोपाठ पॅरिस झाले. पॅरिसात सुमारे दहा वर्षे राहून त्यांनी ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्र आणि धातूच्या पत्र्यावरील कोरीव मुद्रण ह्यांचा अभ्यास केला. गीतगोविंद, रामायण, बुद्धचरित्र आणि संगीतातील राग हे त्यांच्या चित्रमालांचे विषय. १९७७ ते १९८७ ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०१८ साली पद्मभूषण मिळाले आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

पैंच्या चित्रांचे विवेचन करताना बहुतेकांनी विषयांची चर्चा केली: राधाकृष्ण, राग, गोव्याची निसर्गलक्ष्मी. आम्हांस त्यांच्या पृष्ठभागाविषयी बोलावयाचे आहे. पैंचा रंग वस्तूच्या आत भिनत नाही. तो रेषेने घातलेल्या कुंपणात अलगद उतरतो, जणू आकृती आधीच तेथे होती आणि चित्रकाराने तीवर केवळ रंगाचा हात फिरविला. ही सवय कोठली? आमच्या समजुतीप्रमाणे ती मडगावच्या त्या छायाचित्रालयातली. करड्या चेहऱ्यावर गुलाबी छटा चढविताना खालची रेखा बुडू द्यावयाची नाही, ही ज्या मुलाची पहिली शिस्त, त्याने पुढे पॅरिसला जाऊनही रेषेला रंगात बुडू दिले नाही, ह्यात नवल ते काय? अनेकांनी त्यांच्या रेषेत इजिप्तचे आणि लोककलेचे ऋण पाहिले, ते असेलही. परंतु परदेशी गुरू आपल्याला तेच शिकवू शकतो जे शिकण्यास आपला हात आधीच तयार झालेला असतो. उणे सांगावयाचे तर हेच: रेषेच्या ह्या सुखावणाऱ्या प्रभुत्वामुळे पैंच्या काही चित्रांत द्रव्याशी झगडा असा उरतच नाही. रेषा इतकी आज्ञाधारक की तिच्याकडून धक्का बसण्याची आशा धरता येत नाही. जेथे त्यांनी राग रंगविले तेथे मात्र आकृतीच्या बंधनातून सुटलेली रेषा स्वतःच आलाप घेऊ लागते, आणि ती चित्रे त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोडतात असे आमचे मत आहे.

दुसरे उदाहरण डॉ. सुबोध केरकर ह्यांचे. जन्म १९५९. वडील चंद्रकांत केरकर हे स्वतः चित्रकार. वडिलांबरोबर समुद्रकाठी केलेल्या फेऱ्यांतून आपली दृष्टी घडली, असे ते सांगत आले आहेत. ते वैद्यक शिकले, काही काळ त्यांनी रुग्ण तपासले, आणि मग तो व्यवसाय बाजूस ठेवून पूर्णपणे कलेकडे वळले. आरंभी त्यांनी जलरंग हाताळले. पुढे मात्र कागद मागे पडला, आणि वाळू, शिंपले, जुन्या होड्यांचे लाकूड, इतकेच नव्हे तर खुद्द समुद्रच त्यांचे साधन झाले. २०१५ साली त्यांनी पिळर्ण येथे ‘म्युझियम ऑफ गोवा’ हे संग्रहालय उभारले. त्यांच्या सर्वच मतांशी आमच्या वाचकांनी सहमत व्हावे असा आमचा आग्रह नाही. येथे प्रश्न त्यांच्या द्रव्याचा आहे.

त्यांच्या कामांपैकी आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते समुद्रात बुडवून ठेवलेल्या थाळ्यांचे. चिनी मातीच्या थाळ्या त्यांनी समुद्राच्या तळाशी ठेवल्या. दिवस गेले, महिने गेले. कालवांनी व शिंपल्यांतील इवल्या जीवांनी त्यांवर घरे केली. मग त्या वर काढून भिंतीवर मांडल्या. येथे कलावंताने काय केले, असे कोणी खोचकपणे विचारील. त्याने वाट पाहिली, हे त्याचे उत्तर. चीनपासून आमच्या किनाऱ्यापर्यंत शतकानुशतके चाललेल्या गलबतांच्या व्यापाराची, बुडालेल्या तारवांची, आणि मनुष्याने केलेल्या वस्तूवर निसर्गाने पुन्हा सांगितलेल्या हक्काची ती कथा आहे. आणि ती सांगण्यासाठी एक अक्षरही खर्चिलेले नाही. वडिलांचे बोट धरून भरती-ओहोटी पाहिलेल्या मुलालाच समुद्रावर असा भरवसा टाकता येतो. कावीचा कारागीर शिंपला भाजून त्याचा चुना करी. केरकर शिंपल्याला थाळीवर वाढू देतात. दोघांची रीत उलटी, परंतु दोघांचाही शिंपल्याशी असलेला संबंध घरचा आहे, पाहुण्याचा नव्हे. मच्छीमारांना वाळूवर होडीच्या आकारात उभे करून त्यांनी जी छायाचित्रे घेतली, त्यांतही हेच घडते: होडी आणि तिचा खलाशी ह्यांतला भेद मिटतो, आणि तो मिटलेला पाहून आपल्याला आश्चर्य वाटत नाही, इतके ते खरे आहे.

ह्याउलट २०१७ साली साळगावी सुमारे दीड लाख प्लास्टिकच्या बाटल्यांचे जे फुलांचे गालिचे त्यांनी अंथरले, त्याविषयी आमचे मत निराळे आहे. कचऱ्याविषयी लोकांची जागृती करण्याचा हेतू उत्तम, शाळेतील मुलांचे हात त्यास लागले हेही उत्तम, आणि डोळ्यांस ते दृश्य रमणीय वाटले हेही खरे. परंतु त्यात बाटली ही फुलाचे सोंग घेते. तिचे स्वतःचे असे काही आपल्यास कळत नाही. कळते ते कलावंताचे म्हणणे. माटोळीतील कवंडाळाला डोळा करण्याचा जो प्रकार आम्ही वर सांगितला, त्याचीच ही मोठी आवृत्ती. ज्या द्रव्याशी बालपणाचे नाते आहे, तेथे केरकर त्याला बोलू देतात. ज्याच्याशी नाते नाही, तेथे स्वतः बोलतात. आमच्या मते त्यांच्या यशापयशाची ही एक किल्ली आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बालपणच जर सर्व काही ठरवीत असेल, तर वासुदेव गायतोंडे ह्यांचे काय करावयाचे? घराणे बारदेशातील उसकयचे. परंतु जन्म १९२४ साली नागपुरात, आणि वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. तेथे ना कावीची भिंत ना चित्रशाळा. तरीही रंगद्रव्याशी त्यांच्याइतक्या निष्ठेने वागलेला दुसरा आधुनिक भारतीय चित्रकार दाखविणे कठीण. रूळ आणि पाते ह्यांच्या साहाय्याने थरावर थर चढवावयाचे, काही काढून टाकावयाचे, खालचा उजेड वर येऊ द्यावयाचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे, आणि बाकीचा काळ केवळ पाहत बसणे. त्यांना द्रव्याचे प्रेम कोणी दिले?

ह्याचे उत्तर आम्ही असे देतो. बालपण कलावंताला शैली देत नाही. एकाच अंगणात वाढलेली दहा मुले दहा वाटांनी जातात आणि त्यांतली नऊ कलावंत होत नाहीत. बालपण देते ते धैर्य: द्रव्याला त्याचा वेळ देण्याचे धैर्य. ते ज्याला अंगणात मिळाले नाही त्याला पुढे तपाने मिळवावे लागते, आणि गायतोंडे ह्यांनी ते तपानेच मिळविले. थोर प्रतिभेला हे साधते. परंतु समाजाची कला थोर प्रतिभेच्या चारदोन माणसांवर चालत नाही. ती चालते शेकडो साध्या हातांवर. आणि साध्या हाताला तप नव्हे, अंगण लागते.

म्हणूनच आम्हांस चिंता वाटते. पेडणे तालुक्यातील एका देवळाची भिंत आम्ही लहानपणी पाहिली होती. सभामंडपाच्या उजव्या बाजूस कावीत कोरलेला गजेंद्रमोक्ष होता. मगरीच्या शेपटीवर आम्ही बोट फिरवीत असू आणि पुजारी रागावत असत. काही वर्षांपूर्वी तेथे गेलो तेव्हा भिंतीवर चकचकीत फरशा बसविलेल्या होत्या. व्यवस्थापकांपैकी एका गृहस्थांस विचारले, तेव्हा त्यांनी मनापासून सांगितले की, भिंतीचे पोपडे पडत होते, भाविकांनी देणगी दिली, आणि फरशी धुवावयास सोपी पडते. त्यांच्या भक्तीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या देवस्थानाचे नाव घेण्याचेही कारण नाही, कारण अशी देवस्थाने एक-दोन नाहीत. परंतु त्या भिंतीवर आज जो मुलगा बोट फिरवील, त्याला काय कळेल? सर्वत्र सारखा थंडगारपणा, आणि कोठेही हात लागल्याची खूण नाही.

दोष एकट्या देवळांचा मुळीच नव्हे. ज्या लोहाने कावेला रंग दिला त्याच लोहाच्या खनिजासाठी डिचोली तालुक्याचे डोंगर पोखरले गेले. श्रीलईराईच्या शिरगावाभोवतीच्या खाणी पाहिलेल्या माणसास अधिक सांगणे नलगे. न्यायालयाच्या निर्णयांनी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, परंतु उकरलेली माती पुन्हा डोंगर होत नाही. पेडण्यातील मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी असूनही त्या बाहेरून येतच राहतात. ह्या सर्व गोष्टींची बरीवाईट बाजू सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही फक्त एवढेच विचारतो की, ह्या तालुक्यांतील मुलाच्या हाताला आता कोणते द्रव्य लागणार आहे.

हे सारे थोपविणे आमच्या हाती नाही. देऊळ मात्र आमच्या हाती आहे. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. जीर्णाचा नाश नव्हे, हे शब्दच सांगतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे जे काम होऊन २०२३ साली देऊळ पुन्हा खुले झाले, त्यात मूळ घाट राखण्याकडे लक्ष दिले गेले, हे स्तुत्य होय. प्रत्येक गावास एवढे जमणार नाही. परंतु भिंत खरवडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेणे, जाणत्या माणसास एकदा दाखविणे, निदान एक भिंत तरी तशीच राखणे, एवढे कोणत्याही देवस्थान समितीस झेपण्यासारखे आहे. सागर नाईक मुळे ह्यांच्यासारखे तरुण चित्रकार कावीची रीत पुन्हा हाताळीत आहेत. त्यांच्यासारख्यांस फरशीच्या खर्चातील एक हिस्सा देऊन नवी भिंत लिहून घेता येईल. आणि ती लिहिली जात असताना गावातील मुलांस चुना मुरविण्याच्या जागी बसू द्यावे. हात खराब होतील, म्हणून हाकलून देऊ नये.

कोणी म्हणेल, देवाला काय, तो फरशीतही आहे आणि चुन्यातही आहे. हे म्हणणे आम्ही शिरोधार्य मानतो. भिंत देवासाठी लागत नाही. ती आपल्या मुलांसाठी लागते. लक्ष्मण पैंना मामांचे छायाचित्रालय मिळाले, केरकरांना वडिलांबरोबरचा समुद्रकिनारा मिळाला, आणि ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत त्या कावीकारांना बापाने मुरविलेला चुना मिळाला. पेडण्याच्या वा डिचोलीच्या कोण्या घरी आज जो मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याच्या हाती आपण काय ठेवणार, ह्याचा निर्णय पुढील जीर्णोद्धाराच्या सभेत व्हावयाचा आहे. त्या सभेस आमच्या वाचकांपैकी अनेकजण बसलेले असतील. त्यांनी अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी उठून एकदा त्या जुन्या भिंतीपाशी जावे आणि तीवरून हात फिरवून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.